रुमाल टाकून धरलेली जागा

लग्नाला तीस वर्षं उलटून गेली तरी आमच्या घरातल्या एका भांडणाचा निकाल लागलेला नाही. भांडण एसटीतल्या जागेवरून आहे. पंख्याचा, पाहुण्यांचा, बोंबलाला लावलेल्या मिठाचा, कुठलाही विषय निघो, तो फिरून फिरून त्या एसटीत जाऊन बसतो. मुलगी लहान असताना आमचा आवाज चढला की आपणहून दप्तर उचलून शेजारी अभ्यासाला जायची आणि शेजारणीला सांगायची, "आज परत एसटी आहे."

नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणते. लिहिताना मात्र नवराच लिहिणार. इथे मला कुणी मध्ये तोडणार नाही.

झालं होतं असं. लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता. नवरा मुलुंडला एका कारखान्यात फिटर होता आणि रविवार आला की मित्रांबरोबर कुठल्या ना कुठल्या गडावर जायचा. मला म्हणाला, "येतेस?" मी म्हटलं, येते. माहेरी मी डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढायचे, गड काय मोठा लागून गेला. नवे कॅनव्हासचे बूट घेतले आणि तीच चूक झाली. कर्जतच्या पुढे गडाच्या पायथ्याच्या वाडीत पोचेपर्यंत टाचेला फोड आला. मी एकदाच खाली वाकून टाच पाहिली. तेवढ्यात एक मित्र म्हणाला, "वहिनींना झेपणार नाही रे."

नवऱ्याने माझी टाचही पाहिली नाही. समोरच्या घराकडे बोट दाखवून म्हणाला, "तू इथे बस. दुपारपर्यंत उतरतो आम्ही."

मी बसले. नवी नवरी, बोलायची सवय नव्हती. ती नंतर लागली. अनोळखी घराची ओटी, अनोळखी बाई. तिने मला नाचणीची भाकरी दिली आणि मी तिच्या सुपातले तांदूळ निवडून दिले. दुपार झाली, दुपार गेली. ऊन ओटीवरून अंगणात आणि अंगणातून गोठ्याच्या भिंतीवर सरकलं. गडाच्या वाटेकडे बघून बघून माझी मान आखडली. तिन्हीसांजेला भलत्याच बाजूने एकजण धावत आला. नवरा नव्हे, तोच मित्र.

"वहिनी, चला लवकर. आम्ही पलीकडून उतरलो. शेवटची गाडी आहे. तो स्टँडवर जागा धरून बसलाय."

फोड आलेल्या टाचेने मी त्याच्यामागे पळत स्टँडवर गेले. नवरा गाडीत बसला होता आणि शेजारी खिडकीच्या जागेवर त्याचा चौकड्यांचा रुमाल अंथरला होता. मला पाहून त्याचा चेहरा असा काही फुलला, जणू गडच जिंकून मला आणून दिलाय. "बघ," म्हणाला, "तुझ्यासाठी खिडकी धरली."

त्या दिवसापासून आमचं हे असं चालतं.

"तुम्ही मित्राला पाठवलंत. स्वतः आला नाहीत."

"जागा गेली असती."

"रुमाल टाकून यायचं होतंत."

"रुमालाला कोण विचारतो? लोक बाजूला करून बसतात."

"मग मित्राला बसवायचं होतंत रुमालावर."

"त्याचे पाय माझ्यापेक्षा जोरात चालायचे."

इथपर्यंत आलं की मी भाताचा डाव त्याच्या ताटात जरा जास्तच जोरात आपटते आणि त्या दिवसापुरतं भांडण मिटतं. पण मला खरं लागलं ते वेगळंच. दिवसभर मी त्या ओटीवर काय केलं, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही कधी नाही.

मी पुन्हा त्याच्याबरोबर डोंगरावर गेले नाही. तो जात राहिला. मी माझी चढाई वेगळी काढली. आईच्या हातचा मालवणी मसाला मी घरी करायला लागले, आधी चाळीपुरता, मग मुलुंडभर. मिरच्यांची देठं काढायची, उन्हात घालायच्या, भाजायच्या, डंकावर कुटून आणायच्या आणि पिशव्या खांद्याला लावून घरोघर पोचवायच्या. तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नव्हती, आणि मसाला मागवणारी बाई कायम वरच्या मजल्यावर राहायची. नवरा महिन्यातून चार गड चढायचा, मी रोज चढायचे. त्याला लोक ट्रेकर म्हणायचे. मला मसालेवाली. आज माझा स्वतःचा गाळा आहे, हाताखाली बायका आहेत. मिरचीचे घाऊक व्यापारी मला लांबून येताना पाहिलं की आधी चहा सांगतात, भाव नंतर. मी चिडते, ते चिडतात, मी पिशवी उचलून चालायला लागते, ते हाक मारतात. मागे वळून न बघता किती लांब चालायचं, हे मला बरोबर कळतं.

नवरा निवृत्त झाला आणि परदेशात नोकरी करणाऱ्या मुलीने आम्हा दोघांना क्रीटला पाठवायचं ठरवलं. ग्रीसचं बेट आहे, भूमध्य समुद्रातलं. "बाबांना डोंगर हवा, तुला समुद्र हवा. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो," ती फोनवर म्हणाली.

"तसा तर रत्नागिरीलाही उतरतो."

"आई, येणार आहेस की नाही? आठवडाभर रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला चालायचं. सामान गाडीने पुढे जातं. पायवाटेवर खुणा आहेत."

"सामान गाडीने जातं तर माणसं चालत का?"

मग मी म्हटलं, येते. समुद्रासाठी नाही. मला ती वाट पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत माझ्या पायांनी चालायची होती, ह्या माणसाच्या डोळ्यांदेखत. आणि एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, "त्या संध्याकाळी मी स्वतः यायला पाहिजे होतं."

ह्या वेळी बुटांची चूक केली नाही. दोन महिने आधी घेतले आणि घरात घालून फिरले. ओट्याशी बूट घालून मासे तळले. सकाळी मुलुंडच्या डोंगराकडे चालायला जायचो, रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात. नवरा पुढे आणि मी मागे. वळणावर तो दगडावर बसून माझी वाट बघायचा आणि मी धापा टाकत पोचले की उठून चालायला लागायचा. म्हणजे विश्रांती त्याला, मला नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो खरोखर चकित झाला. इतकी वर्षं डोंगरात घालवून हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

क्रीट मला आवडलं. तक्रार करायला काही सापडेना म्हणून पहिले दोन दिवस मी बेचैन होते. दक्षिणेच्या त्या किनाऱ्यावर डोंगर कोरडा, करडा, आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्यासारखा. पण पायाखाली आलेलं प्रत्येक झुडूप वासाचं. मी मसाल्यातली बाई, मला राहवेना. प्रत्येक झुडपाचं पान तोडून बोटांत चुरडायचं आणि हुंगायचं. एक ओव्याच्या जवळचं, एक कापूर आणि तुळस यांच्या मधलं, एक असं की ते सुक्या बांगड्याला लावून बघायला पाहिजे. नवरा पुढून ओरडायचा, "अगं, हात लावू नकोस, काय असेल काय माहीत." मी म्हणायचे, "तुम्ही खुणा बघा."

खुणा म्हणजे पिवळे-काळे पट्टे, दगडांवर आणि खांबांवर. गाढवं जायची तेव्हाच्या जुन्या फरसबंद वाटा, दोन्ही बाजूंना चुना न लावता नुसत्या दगडांवर दगड रचलेल्या भिंती. आमच्या गावच्या गडग्यांसारख्या अगदी. वळण घेतलं की खाली समुद्र, इतका निळा की तो आपल्याशी काही तरी थट्टा करतोय असं वाटावं. वरून बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा. रात्री राहायचो त्या घरच्या बायका मला स्वयंपाकघरात घ्यायच्या. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण मीठ जास्त झालं हे सांगायला भाषा लागत नाही. एकीशी मी सकाळच्या न्याहारीवरून घासाघीसही केली. ती चिडली, मी चिडले, शेवटी तिने अंडी वाढवली आणि मी तिला मसाल्याची पुडी दिली. निघताना तिने मला मिठी मारली. नवरा म्हणाला, "तुझं भांडण आणि मैत्री, दोन्हींचा आवाज सारखाच येतो."

शेवटच्या दिवशीची वाट अशी होती: डोंगरातल्या गावातून वर खिंडीत चढायचं, खिंडीत एक छोटं देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आणि तिथून पलीकडे थेट समुद्रावर उतरायचं. खाली एक बंदर, तिथून संध्याकाळची बोट. त्या बंदराला रस्ता नाही, बोटीशिवाय निघायचं नाही. बोट सुटली तर सामान एकीकडे आणि आम्ही एकीकडे.

सकाळी लवकर निघून आम्ही खिंडीत पोचलो. चर्च आमच्या हॉलएवढंसुद्धा नव्हतं. पांढरं, दार निळं, किल्ली दारालाच लटकवलेली. जवळच बकऱ्यांचा गोठा, माणूस कुणी नाही. दार उघडून आत वाकून पाहिलं तर समई नव्हे पण समईसारखाच तेलाचा दिवा, तसबिरी, वाळूत खोचलेल्या मेणबत्त्या. देव दिसला आणि आम्हा दोघांचे हात आपोआप बुटांच्या लेसकडे गेले. ही काही विचार करून केलेली गोष्ट नाही. तिथले लोक बूट घालून आत जातात, हे आम्ही वाटेत दोन ठिकाणी पाहिलंही होतं. पण पाय ऐकत नाहीत.

मी माझे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी काखेत मारली. मुंबईत देवळात जाणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

नवरा हसला. "इथे चिटपाखरू नाही. चोरणार कोण?"

"तुम्हीही पिशवीत घ्या."

"देवाच्या दारात तरी जरा विश्वास ठेव गं." त्याने त्याचे बूट पायरीवर अगदी जोडीने, टाचेला टाच लावून ठेवले.

आत गार होतं. आम्ही मेणबत्ती लावली, जरा बसलो. काय मागितलं ते सांगत नाही. बाहेर आलो तर पायरीवर एकच बूट.

नवरा त्या एका बुटाकडे असा बघत उभा राहिला, जणू दुसरा बूट आत्ता काही खुलासा करायला परत येणार आहे. मग गोठ्याच्या वर, भिंतीपलीकडे, मला एक लाल-तपकिरी शेपूट दिसली. कुत्र्याचं पिल्लू होतं, पिल्लू म्हणजे चांगलं वासराएवढं, आणि तोंडात बूट. मी मालवणीत एक हाक मारली, ती इथे लिहिता येणार नाही. त्याला ती खेळायला बोलावल्यासारखी वाटली असावी. शेपूट हलवत ते कड्याकडच्या काट्यांत गेलं आणि आलं तेव्हा तोंड रिकामं होतं. आम्ही शोधशोध शोधलं. बूट गेला तो गेला.

फोनला रेंज नव्हती. सपाता, चपला, सगळं पुढे गेलेल्या सामानात. नवरा म्हणाला, "मी अनवाणी उतरतो." मी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि पलीकडच्या उतारावरच्या धारदार दगडांकडे पाहिलं. गुडघे आधीच बोलत होते त्याचे.

"गावात दुकान आहे," मी म्हटलं. "काल मी बघून ठेवलंय. मी जाऊन येते."

"एकटी?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. ठरवून नाही, देवाशपथ. मी चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या दगडी बाकाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "तुम्ही इथे बसा. दुपारपर्यंत येते मी."

तो बसला. मी उरलेला बूट मापासाठी घेतला आणि उतरायला लागले.

आयुष्यात पहिल्यांदा मी डोंगरात एकटी चालले. पुढे कुणाची पाठ नाही, मागून कुणाच्या सूचना नाहीत. हातात नवऱ्याचा एक बूट. मला इतकं मोकळं वाटलं की एका वळणावर मी उगाचच थांबले, पाणी प्यायले आणि समुद्राकडे बघत बसले. कुणीही उठून चालायला लागलं नाही.

दुकान म्हणजे आपल्याकडे गावात असतं तसं, सगळ्याचं एकच. दोरखंड, पेंड, साबण, पाव, मागे भिंतीला कामाचे बूट टांगलेले. दुकानदार म्हातारा, भरघोस मिशा, इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे चार शब्द आणि बाकी हात. मी काउंटरवर बूट ठेवला. एक. तो बुटाकडे, मग माझ्या पायांकडे बघून हसायला लागला. मी खिंडीकडे हात केला, कुत्र्यासारखी भुंकून दाखवली आणि तोंडात बूट धरून पळाल्याचा आविर्भाव केला. त्याचं हसणं एकदम थांबलं. त्याने हाताने शेपटीचा रंग विचारला, भिंतीवरच्या एका तांबूस पट्ट्याला बोट लावून. मी मान हलवली. त्याने कपाळाला हात लावला.

एवढं मला पुरेसं होतं. तीस वर्षं व्यापाऱ्यांची कपाळं वाचली आहेत मी.

"तुझा," मी म्हटलं. "कुत्रा तुझा."

तो काहीबाही बोलला. गोठा त्याचा, बकऱ्या त्याच्या, पण कुत्रा अजून लहान आहे, असं काहीसं. मी आवाज चढवला. त्याने चढवला. त्याने बूट खाली काढले, जाड तळव्यांचे, काळे, मेंढपाळ घालतात तसे, आणि बोटांनी भाव सांगितला. मी बूट जागेवर ठेवले, नवऱ्याचा एकटा बूट उचलून काखेत मारला आणि दाराकडे चालू लागले. उंबरठ्यापलीकडे दोन पावलं, बास. मागून हाक आली. काय भावाला मिळाले ते लिहीत नाही, मुलगी वाचेल आणि तिला लाज वाटेल.

सौदा झाल्यावर तो माणूस निराळाच झाला. खुर्ची दिली, कॉफी केली, बशीत साखरेत घोळवलेलं संत्र्याचं साल ठेवलं. मग बाहेर उभी असलेली जुनी स्कूटर दाखवली. मागच्या सीटवर पेंडीचं पोतं बांधलेलं होतं. तो आता गोठ्यावरच निघाला होता. हातवारे करून त्याने मला सगळं नीट समजावलं. तुला चढायला नको. मी बूट नेतो, त्याला देतो, तो बूट घालून इथे खाली येईल. संध्याकाळी गावातून एक गाडी दुसऱ्या बंदरावर जाते, दोघं त्यात बसून जा. गाडीत जागा मी धरून ठेवतो.

शेवटचं वाक्य त्याने सीटवर थाप मारून सांगितलं.

खरं सांगते, मी त्या कॉफीचा कप हातात धरून बराच वेळ बसले. इतकं सुख मला फार कमी वेळा झालंय. डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. नवरा बाकावर बसलाय, वाटेकडे डोळे लावून. आणि वाटेने मी नाही, भलत्याच बाजूने स्कूटरवरून हा मिशीवाला येतो आणि म्हणतो, चला, ती खाली जागा धरून बसलीय. देवानेच योजून आणल्यासारखं होतं. मेणबत्ती लावताना मी हे मागितलं नव्हतं, तरी मिळालं होतं.

पण मी व्यापारी बाई आहे. कप रिकामा होईपर्यंत मी ह्या सौद्याची दुसरी बाजूही पाहिली. बूट पाठवले असते तर आमची बरोबरी झाली असती. त्याने एकदा निरोप्या पाठवला, मीही एकदा पाठवला, विषय मिटला. आणि मला बरोबरी नको होती. मला वरचढ राहायचं होतं. शिवाय ती शेवटची उतरण, जिच्यासाठी मी दोन महिने ओट्याशी बूट घालून उभी राहिले होते, ती राहून गेली असती. आणखीही एक होतं, ते जरा उशिरा ध्यानात आलं. भलत्या बाजूने दुसराच कुणी आला की आपल्या माणसाबद्दल मनात आधी काय येतं, ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. नसलेलंच बरं, असं वाटलं. त्याचं वय झालंय आता.

मी मिशीवाल्याला मानेने नाही म्हटलं, नव्या बुटांच्या लेसा एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवली आणि चढायला लागले. तो मला शेवटपर्यंत वेडी समजत असेल.

चढ दुसऱ्यांदा चढताना कळला. ऊन डोक्यावर आलं होतं. मध्येच तो स्कूटरवरून माझ्या वरच्या रस्त्याने फटफटत गेला, हात हलवून. म्हणजे माझ्या आधी पोचला. मी पोचले तेव्हा नवरा बाकावर नव्हता. पायमोजे घातलेल्या पायांनी तो वाटेच्या तोंडाशी येऊन एका दगडावर उभा होता, खाली वाकून बघत.

"इतका वेळ?" म्हणाला. राग होता आवाजात. मला तो राग फार आवडला.

"घासाघीस करावी लागली."

"घंटा वाजली की वाटायचं तू आलीस. दर वेळी बकरीच निघायची." त्याने माझ्या गळ्यातले बूट काढून घेतले. मग म्हणाला, "तो मिशीवाला आत्ता येऊन गेला. बूट मी नेत होतो, बाई नाही म्हणाली, असं काही तरी सांगत होता हातांनी. अगं, गाडीचा रस्ता आहे इथपर्यंत. द्यायचे ना त्याच्याकडे. कशाला चढलीस परत ह्या उन्हात?"

"असं दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नसतं," मी म्हटलं.

तो बुटांच्या बांधलेल्या लेसा सोडवत होता. हात थांबले. मान वर केली नाही त्याने. बूट अर्धा माप मोठे होते, मी माझे जादाचे मोजे दिले, ते त्याने निमूटपणे आत कोंबले. मी वाट पाहत होते. हीच वेळ होती. म्हण की आता. पण तो नुसता उठला, पाय आपटून बूट बसवले आणि म्हणाला, "चल. बोट गाठायची आहे."

मी मनातल्या मनात त्याला जे काही म्हटलं, त्याने तो कुत्रासुद्धा घाबरला असता.

उतार खडा होता. वळणामागून वळण, दगडी पायऱ्या, दोन्हीकडे काटे आणि ते वासाचं झुडूप. समुद्र खाली थेट पायांखाली. मी दमले होते. त्या दिवशी मी तो डोंगर दोनदा चढले होते. माझं पाऊल हळू पडू लागलं. बरंच उतरल्यावर खाली बंदर दिसलं, पांढऱ्या घरांची एक रांग, आणि लांबून येणारी बोट, नखाएवढी. धक्क्यावर माणसं जमत होती.

नवरा वळणावर थांबला. बोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला त्याचा चेहरा पाठ आहे. तो म्हणाला, "मी पुढे जाऊन—"

आणि वाक्य तिथेच टाकून दगडावर बसला.

"जा ना," मी म्हटलं. "मी येते मागून."

तो गेला नाही. मी त्याच्यापर्यंत पोचले तरी उठून चालू लागला नाही. मला दगडावर बसू दिलं, पाण्याची बाटली दिली, मी उठल्यावर माझ्या मागून चालायला लागला. मागून. मी सारखी वळून बघत होते, आहे का म्हणून. त्या मोठ्या काळ्या बुटांचा धप धप आवाज येत होता.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला.

"त्या दिवशी तू काय करत होतीस गं? त्या ओटीवर? दिवसभर?"

मी चालत राहिले. ह्या वेळी मात्र मागे वळून पाहिलं नाही.

"तांदूळ निवडत होते," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. त्या बाईच्या हातावर गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं ते. तिने टाचेला हळद लावली ते. तिने विचारलं होतं, नवरा बरा आहे ना गं, आणि मी म्हटलं होतं, बरा आहे. गोठ्याच्या भिंतीवर ऊन कुठवर आलं की परत यायला पाहिजेत असं मी धरलं होतं, आणि ऊन त्याच्याही वर गेलं ते. कोंबड्या आत घेतल्या तरी मी बाहेरच होते ते. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. जागा गेली असती, असं म्हटलं नाही. फक्त एका अवघड पायरीशी म्हणाला, "इथे सांभाळून," आणि थोड्या वेळाने, "टाचेला फोड आला होता, हे मला माहीतच नव्हतं."

"बघितलंतच नाही तर कळणार कसं?"

"हं," म्हणाला.

हं. तीस वर्षांनी मला मिळालं ते एवढंच. इतक्या कमी भावाला मी आजवर काही विकलेलं नाही.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट शिडी उचलण्याच्या तयारीत होती. शेवटचे आम्हीच. वर सावलीतले सगळे बाक भरलेले, खाली पायऱ्यांवरसुद्धा माणसं. पुढे पळाला असता तर दोन जागा हमखास मिळाल्या असत्या, आणि ते त्यालाही कळत होतं, मलाही. आम्ही कठड्याला धरून उन्हात उभे राहिलो. पायांचे तुकडे पडत होते. त्याचे ते मेंढपाळाचे बूट धुळीने पांढरे झाले होते. मागे सगळा डोंगर दिसत होता आणि वर खिंडीत, डोळे बारीक केले तर, एक पांढरा ठिपका.

त्याने खिशातून रुमाल काढला. अजूनही चौकड्यांचाच वापरतो तो. मला वाटलं घाम पुसेल. त्याने तो माझ्या डोक्यावर टाकला, उन्हासाठी, आणि दोन टोकं कानांमागे खोचली.

मी त्या भरलेल्या बाकांकडे पाहिलं आणि म्हटलं, "एवढं होतं तर पुढे येऊन रुमाल तरी टाकायचात."

"रुमालाला कोण विचारतो?" तो म्हणाला, आणि कठड्यावरचा माझा हात त्याने बोट पुढच्या बंदराला लागेपर्यंत सोडला नाही.